ग्रुमन गूस, 1:8: पाण्यावरून उडणाऱ्या मॉडेलच्या नोंदी

16 जून 2024 – निवड आणि मापं

दोन महायुद्धांमधल्या काळात श्रीमंतांनी स्वतःसाठी घेतलेल्या उडत्या बोटींपैकी एक, रेडिओ-नियंत्रित आणि खरोखर पाण्यावरून उडणारी, असा हा प्रकल्प. सुपरमरीनची एअर यॉट आधी विचारात होती, पण तिचा पंख 28 मीटरचा. 1:8 मध्ये तोच साडेतीन मीटर होतो आणि वर तीन इंजिनं. सिकोर्स्की एस-38 देखणी आहे, पण दोन पंख, दोन शेपटदांडे आणि तारांचं जाळं. दर फेरीला जोडणीतच तास जाईल.

गूस ठरली. लाँग आयलंडवर राहणाऱ्या आणि न्यूयॉर्कमध्ये कामाला जाणाऱ्या धनिकांना जुन्या लोनिंग एअर यॉटच्या जागी नवं विमान हवं होतं. विल्टन लॉइड-स्मिथ, हेन्री मॉर्गन, मार्शल फील्ड तिसरा ही त्यातली नावं. त्यांच्या मागणीवरून ग्रुमनने जी-21, म्हणजेच गूस, बनवलं आणि 29 मे 1937 ला ते पहिल्यांदा उडालं. पुढे एकूण 345 बनली, त्यातली बहुतेक लष्करी. म्हणून बहुतेक मॉडेलं नौदलाच्या रंगात दिसतात. आमचं खासगी मालकाचं असेल: बैठकीची केबिन, नांगरासाठी नाकावरचं झाकण आणि वर-खाली होणारी चाकं, या तिन्हींसह. मालकाकडे किनाऱ्यावर विमान ओढायला माणसं नसली तरी चाललं पाहिजे, यासाठीच ती चाकं होती. ती वगळली तर उरतं ते नुसतं दोन इंजिनांचं सीप्लेन.

मापं: मूळ पंख 49 फूट, मॉडेलचा 1867 मिमी. लांबी 1465 मिमी. पंखाचं क्षेत्रफळ 375 चौ. फूट, म्हणजे मॉडेलवर साधारण 54 चौ. डेसिमीटर. सुरुवातीच्या जी-21ए चं कमाल वजन 8000 पौंड. ते 512 ने (8×8×8) भागलं तर 7.1 किलो येतं, पण एवढं जड मॉडेल आपल्या तळ्यात उतरवणं अवघड. उद्दिष्ट 4.5 किलो. याचा एक परिणाम आधीच लक्षात ठेवा: मॉडेल प्रमाणापेक्षा हलकं असल्याने ते पाण्यात मूळ विमानाहून वर तरंगेल. फोटोतल्या पाणरेषेवर भरवसा ठेवून काहीही कापू नका.

30 जून – तळाचा सांगाडा

तळ उलटा ठेवून बांधला. कोकणातले होडी बांधणारे ज्याला पठाण म्हणतात, तो तळाचा कणा 5 मिमी बर्च प्लायचा. त्यावर 3 मिमी लाइट प्लायच्या 14 चौकटी आणि 5×5 मिमी पाइनच्या पट्ट्या. चिकटवायला सगळीकडे पाण्यात टिकणारं फेविकॉल मरीन, कण्याच्या सांध्यांना 30 मिनिटांचं इपॉक्सी. झटपट चिकटणारा सायनो गोंद फक्त जागेवर धरायला. सायनोचा सांधा धक्क्याने तडकतो, आणि पाण्यावर उतरताना तळाला प्रत्येक वेळी धक्काच बसतो.

चूक: चौकट क्र. 7 आणि 8 मध्ये स्टेप, म्हणजे तळाची आडवी पायरी, येते. तिथे कणा एकाच तुकड्यात खाच देऊन कापला. खाचेच्या कोपऱ्यात प्लायला भेग गेली. नवा कणा कापला, कोपऱ्याला 4 मिमी गोलाई दिली, दोन्ही बाजूंना 1.5 मिमी प्लायचे गाल लावले. दोन संध्याकाळी आणि 450 रुपये गेले.

स्टेपची जागा: गुरुत्वमध्याखाली सरळ लंब सोडायचा आणि स्टेप त्याच्या मागे 8 ते 10 अंशांच्या रेषेत आणायची. आमचा गुरुत्वमध्य तळापासून साधारण 170 मिमी वर, म्हणून स्टेप 27 मिमी मागे. खोली 13 मिमी. स्टेप फार मागे गेली तर नाक उचलत नाही, फार पुढे आली तर विमान पाण्यावर बसकणच सोडत नाही आणि उसळतं.

21 जुलै – कापड आणि रेझिन

3 मिमी बाल्साचं (खूप हलक्या लाकडाचं) आवरण झालं. त्यावर 50 ग्रॅमचं काचकापड. पृष्ठभाग 0.8 चौ. मी., म्हणजे कापड 40 ग्रॅम. रेझिन 50 ग्रॅमपर्यंत लागायला हवं होतं, लागलं 122. ब्रशने थापलं हेच चुकलं. शिवाय जास्तीचा थर शेपटाकडे जमला, जिथे एक ग्रॅमसुद्धा महाग पडतो. शेपटाचा एक ग्रॅम नाकात दोन-अडीच ग्रॅम शिसं मागतो.

दुसरी गोष्ट पावसाची. त्या आठवड्यात हवा ओली होती. दुसऱ्या दिवशी थर वाळलेला, पण वरून पांढुरका आणि मेणचट. हे इपॉक्सीतल्या हार्डनरचं दमट हवेशी झालेलं काम. त्यावर थेट घासलं तर पॉलिश पेपर गच्च होतो आणि पुढचा थर धरत नाही. आधी कोमट पाणी, साबण आणि भांडी घासायची हिरवी जाळी. दोनदा धुऊन, पुसून, एक दिवस वाळवून मगच 180 नंबरचा पेपर.

पुढच्या तुकड्यांसाठी (नाक, इंजिनांची आवरणं, पंखांखालचे तरंगक) पद्धत बदलली. कोरडं कापड पसरायचं, रेझिन मध्ये ओतायचं, जुन्या प्लास्टिक कार्डाने बाहेर ओढत न्यायचं, शेवटी टॉयलेट रोल वरून फिरवून जास्तीचं टिपून घ्यायचं. कापडाचं पोत दिसायला हवं. चकचकीत दिसलं तर रेझिन जास्त झालं. काम चालू असताना खोलीत 200 वॅटचा बल्ब आणि बंद खिडक्या.

18 ऑगस्ट – पंख

मूळ पंखाचा छेद एनएसीए 230 मालिकेतला. मॉडेलच्या आकारात आणि वेगात हा छेद अचानक आणि टोकाकडून स्टॉल होतो (उचल गमावतो), म्हणजे उतरताना एक पंख पडतो. मुळाशी 15 टक्के जाडीचा तोच छेद ठेवला, पण टोकाला क्लार्क वाय, आणि टोकाची पुढची कड 2 अंश खाली पिळलेली. एवढी मापातली तडजोड आम्ही मुद्दाम केली आणि पुन्हा करू.

मूळ गूसच्या पंखात मुख्य दांड्याच्या मागे कापडाचं आवरण होतं. मॉडेलला हे सोयीचं पडतं: पुढचा भाग 2 मिमी बाल्साने मढवलेला, मागचा उघड्या बरगड्यांवर फिल्म. दांडा 6×6 मिमी पाइन वर-खाली, मध्ये 2 मिमी बाल्साच्या उभ्या पट्ट्या. जोडायला 12 मिमी कार्बन नळी.

फ्लॅप मूळप्रमाणे स्प्लिट प्रकारचे. ते फक्त खालच्या बाजूने उघडतात, म्हणून बिजागरी पाण्याच्या फवाऱ्यात येते. कापडी बिजागरी दुसऱ्याच ओल्या चाचणीत सुटली. पितळी पिनेची लावली.

8 सप्टेंबर – मोटरी आणि वायरिंग

दोन 3548 मापाच्या 800 केव्ही मोटरी, मोटरींचा वेग ठरवणारे 60 अँपिअरचे दोन कंट्रोलर, 4 सेलची 5000 एमएएच बॅटरी, 12×6 चे पंखे. मूळ विमानात प्रॅट अँड व्हिटनीची 450 अश्वशक्तीची दोन वास्प ज्युनियर. मोजमाप: प्रत्येकी 31 अँपिअर, साधारण 450 वॅट.

दोन कंट्रोलर एका रिसीव्हरला जोडताना दोन्हींच्या लाल तारा काढून टाका आणि रिसीव्हरला वीज द्यायला वेगळा 5 व्होल्टचा यूबेक (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) द्या. दोन्ही कंट्रोलर एकाच वेळी कॅलिब्रेट करा. वेगवेगळे केले तेव्हा डावी मोटर आधी सुरू व्हायची आणि उजवी काठीच्या दोन खाचा वर गेल्यावर. जमिनीवर ते चालून जातं, पाण्यावर विमान गोल फिरतं.

गूसची इंजिनं फवाऱ्यापासून दूर राहावीत म्हणून पंखात उंच बसवली आहेत. त्यामुळे ओढ गुरुत्वमध्याच्या वरून जाते. थ्रॉटल दिला की नाक खाली, काढला की नाक वर. मोटरी 2 अंश वर तोंड करून बसवल्या, शिवाय थ्रॉटलला 4 टक्के एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटावरची आडवी पाटी) जोडलं. पाण्यावर वळण्यासाठी रडरला दोन्ही मोटरींचा 30 टक्के फरक जोडला. मूळ वैमानिकही पाण्यावर दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करूनच वळत. हा फरक एका स्विचवर ठेवा आणि हवेत गेल्यावर बंद करा.

29 सप्टेंबर – चाकं

सर्वांत जास्त वेळ इथे गेला: 41 तास. खऱ्या गूसची चाकं बुडाच्या (होडीसारख्या धडाच्या) बाजूंना वर जाऊन बसतात आणि वैमानिक ती हाताने क्रँक फिरवून घेतो. आमच्या पहिल्या रचनेत चाकाचा दांडा तळाच्या भिंतीतून आत सर्व्होकडे जात होता, भोकाला रबरी ओ-रिंग. कोरड्यात उत्तम. हौदात 20 मिनिटांत 90 मिली पाणी आत. आमचा दांडा फिरताना थोडा सरकतही होता आणि ओ-रिंग पाणी अडवू शकली नाही.

दुसरी रचना: चाकाची खोबण म्हणजे 1 मिमी प्लायची पूर्ण बंद पेटी, आतून काचकापड, बाहेरून पाण्याला उघडी. हलणारा दांडा पाणरेषेच्या 25 मिमी वर पितळी नळीतून आत येतो, नळी 30 मिमी लांब आणि ग्रीसने भरलेली. पाणी नळीपर्यंत पोचतच नाही. वजन 58 ग्रॅम वाढलं, गळती बंद झाली. ज्यांना दुसऱ्यांदा हे करायचं नाही त्यांनी थेट दुसऱ्या रचनेपासून सुरू करावं.

13 ऑक्टोबर – हौदातली चाचणी

पंख न लावता, 4.5 किलो होईल इतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून दोन तास. 140 मिली पाणी. कुठून येतंय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून उलट केलं: बूड स्टँडवर ठेवून आत खायच्या रंगाचं लाल पाणी ओतलं आणि खाली पांढरा कागद अंथरला. सहा मिनिटांत तीन डाग: खिडकीचा मागचा कोपरा, शेपटाच्या चाकाची पिन, आणि कण्याजवळचा एक सांधा जिथे कापड घासताना पार झालं होतं. तिन्ही ठिकाणी वाळवून पातळ इपॉक्सी. बूड आतून पूर्ण वाळायला तीन दिवस लागतात, घाई करून रेझिन लावलं तर ते ओल्या बाल्सावर धरत नाही.

27 ऑक्टोबर – केबिन

बैठका निळ्या फोमच्या, वर जुन्या हातमोज्याचं पातळ चामडं. बाजूच्या भिंतींना 0.4 मिमी शिसवीचा व्हेनियर. खिडक्या 0.5 मिमी पेट (PET) प्लास्टिकच्या. डाव्या बाजूचं मागचं दार उघडतं. सगळं मिळून 64 ग्रॅम. हे वजन गुरुत्वमध्याजवळ पडतं, त्यामुळे परवडतं. व्हेनियरला आधी दोन हात लॅकर द्या, नाहीतर पहिल्याच दमट दिवशी तो कडांना उठतो. आमचा उठला.

10 नोव्हेंबर – वजन

तयार: 4870 ग्रॅम, त्यात नाकात 210 ग्रॅम शिसं. हे मान्य नव्हतं. बॅटरी केबिनखालून काढून 180 मिमी पुढे, नांगराच्या कप्प्यात नेली आणि शिसं काढून टाकलं. बॅटरीची तार लांबली की कंट्रोलरवर व्होल्टेजचे झटके वाढतात, म्हणून प्रत्येक कंट्रोलरच्या तोंडाशी 470 मायक्रोफॅरडचा 35 व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर. तारा आणि कपॅसिटर मिळून 40 ग्रॅम. आता 4700. प्रत्येक चौ. डेसिमीटरला साधारण 87 ग्रॅम. जड आहे, पण चालेल. गुरुत्वमध्य सरासरी जीवेच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) 28 टक्क्यांवर.

बॅटरी आता कॉकपिटचं छप्पर उचलून जाते. नाकावरचं झाकण उघडतं, पण तिथून बॅटरी मावत नाही.

17 नोव्हेंबर – पहिला प्रयत्न, अपयश

जागा: पाझर तलाव. ड्रोनच्या सरकारी नकाशावर हिरवा, म्हणजे मोकळा, भाग, ग्रामपंचायतीची लेखी परवानगी. पावसाळ्यानंतर भरलेला, किनाऱ्यावर चिखल. चाकं चिखलात रुततात, म्हणून 6×4 फुटांची प्लाय आणि रबरी मॅट उतारासारखी टाकली.

पाच धावा. विमान वेग घेतं, नाक उचलतं आणि तिथेच अडतं. पूर्ण थ्रॉटलवर 70 मीटर गेलं तरी पाणी सोडत नाही. पंख्यांवर सतत फवारा, मोटरींचा आवाज दबतो. चौथ्या धावेत डाव्या पंख्याचं टोक तुटलं. पाण्याचे थेंब त्या वेगाला खडीसारखे लागतात. लाकडी पंखे इथे वापरू नका, काचतंतू मिसळलेले नायलॉनचे घ्या.

24 नोव्हेंबर – कारण

स्टेपची कड. रेझिन, प्रायमर, पुन्हा प्रायमर, असं होत होत ती कड जवळपास 3 मिमी गोल झाली होती. कड धारदार असेल तर पाणी तिथून सुटतं आणि मागे हवा शिरते. गोल असेल तर पाणी वळून मागच्या तळाला चिकटतं आणि विमानाला ओढून ठेवतं. दिसायला ती गोलाई किरकोळ, पण उड्डाण तिच्यामुळेच अडलं. कड घासून 1 मिमी कार्बनची पट्टी इपॉक्सीने बसवली, 1 मिमी बाहेर काढून मग तळाशी सपाट केली. आता नखाला टोचते. रंगवताना पट्टीवर टेप.

त्याबरोबरच पुढच्या कडांना फवारा दाबणाऱ्या पट्ट्या: 6×3 मिमी सागवान, त्रिकोणी छेद, बाहेरची कड किंचित खाली, नाकापासून पंख्यांच्या रेषेच्या 60 मिमी मागेपर्यंत.

1 डिसेंबर – दुसरा प्रयत्न

25 मीटरमध्ये स्टेपवर आलं. फवारा पंख्यांच्या खाली. पण वेग वाढताच पुढे-मागे उसळायला लागलं, प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी. थ्रॉटल काढला.

किनाऱ्यावर घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या: एलेव्हेटरचं ट्रिम, मोटरींचा कोन आणि बॅटरीची जागा. पुढची धाव आणखी वाईट, आणि कशामुळे ते कळायला मार्ग नाही. दिवस वाया. सगळं मूळ मापावर परत आणलं. यापुढे एका वेळी एकच बदल.

घरी विमान उभं करताना शेपटातून पाणी ओघळलं: 150 मिली. कॉकपिटच्या छपराच्या फटीतून आलेलं. थांबलेलं असताना ते तळाशी पसरतं आणि त्रास देत नाही. नाक उचललं की सगळं मागे धावतं. 150 ग्रॅम गुरुत्वमध्यापासून अर्धा मीटर मागे, म्हणजे गुरुत्वमध्य 15 मिमी मागे: 28 चे 33 टक्के. उसळणारच.

खऱ्या उडत्या बोटींचं बूड पाणीबंद कप्प्यांत विभागलेलं असतं. आम्ही चौकटींना वजन वाचवायला मोठी भोकं पाडली होती. आता स्टेपच्या मागची चौकट 1 मिमी प्लायने पूर्ण बंद केली, कंट्रोलच्या दांड्यांना ग्रीसच्या नळ्या, त्यामागे फोमचे ठोकळे. छपराच्या कडेला बंद-पेशींच्या फोमची 3 मिमी पट्टी आणि चुंबकं चारऐवजी आठ. रिसीव्हर फुग्यात घालून तोंडाला टाय. वाढ 46 ग्रॅम.

22 डिसेंबर – उड्डाण

वारा हलका, पाण्यावर बारीक लहरी. थ्रॉटल तीन सेकंदांत हळूहळू, एलेव्हेटर पूर्ण वर. नाक उचलून स्टेपवर येताच एलेव्हेटर मधोमध. 40 मीटरवर पाणी सुटलं. एका झटक्यात थ्रॉटल दिला तर उंच ओढीमुळे नाक पाण्यात खुपसतं, हे पुढच्या धावेत दिसलं. हवेत ट्रिम फक्त दोन खाचा वर. 6 मिनिटं, बॅटरीत 28 टक्के शिल्लक.

उतरताना थ्रॉटल शेवटपर्यंत थोडा ठेवा. एकदम काढला की नाक वर जातं आणि विमान दीड मीटरवरून बसतं. तसं एकदा बसलं, उजव्या तरंगकाचा दांडा वाकला.

5 जानेवारी 2025 – तरंगक

तरंगक एक्सपीएस फोमचे, वर 25 ग्रॅमचं कापड, प्रत्येकी 600 मिली पाणी बाजूला सारणारे. विमान सरळ असताना दोन्ही पाण्याच्या 7 मिमी वर हवेत. आमचा डावा 2 मिमीच वर होता, म्हणून प्रत्येक धावेला डावीकडे ओढ. शिवाय दोन्ही तळाशी समांतर बसवले होते. वळताना नाक खुपसून विमान गर्रकन फिरायचं. तरंगकांची नाकं 3 अंश वर केली. दांडे 2.5 मिमी स्टील तारेचे, पितळी नळीत झाळलेले. ओढ आणि गिरकी दोन्ही बंद.

19 जानेवारी – हिशेब

बाल्सा आणि प्लाय 6,900. कापड-रेझिन 3,100. फिल्म 3,400. मोटरी 5,000. कंट्रोलर 4,600. दोन बॅटऱ्या 9,800. आठ सर्व्हो 4,160. यूबेक 700. पंखे 2,900 (एका जोडीऐवजी पाच जोड्या लागल्या). चाकं आणि पितळ 1,900. रंग 1,800. किरकोळ 2,200. एकूण 46,460 रुपये, 214 तास. चुकांपायी त्यातले सुमारे 6,000 रुपये आणि 70 तास गेले.

प्रत्येक फेरीनंतर: छप्पर आणि दार उघडं ठेवून रात्रभर वाळवणं, मोटरींच्या बेअरिंगला एक थेंब तेल, चाकांच्या नळ्यांत ताजं ग्रीस, स्टेपची कड बोटाने तपासणं. तळ जमिनीवर टेकवायचा नाही, स्टँडवरच ठेवायचा. स्टेपची पट्टी एकदा दगडाला लागून 8 मिमी तुटली आणि त्या दिवशी धाव 40 वरून 55 मीटर झाली.

बाकी काम: चाकं खाली घेऊन स्वतःच्या जोरावर उतारावरून बाहेर येणं अजून जमत नाही. मॅटच्या कडेशी पुढची चाकं अडतात. मॅटची कड तासून पाण्याखाली 150 मिमीपर्यंत नेणार आहोत.